जिभेखालचा पडदा

तान्ह्या मुलाच्या दुधाची तक्रार चाळीसगावच्या माझ्या दवाखान्यात दोन वाटांनी येते. कन्नड घाटाच्या पायथ्याच्या तांड्यांतून किंवा मेहुणबारे-पिलखोडच्या बाजूने आलेली आजी पदराखाली गुंडाळलेले नातवंड टेबलावर ठेवून, "भाऊ, पोऱ्या पेत नही, निस्ता रडस," एवढ्यात आपली कैफियत संपविते आणि निदानाचा अधिकार निमूटपणे माझ्याकडे सोपविते. उलट, पुण्याच्या कारखान्यात नोकरीस असलेला आणि बाळंतिणीला भेटावयास सासुरवाडीस आलेला तरुण बाप मुलाऐवजी मोबाइलमधील जिभेचे छायाचित्र पुढे करतो, "टंग-टाय आहे, कापून द्या" असा, म्हणजे जिभेखालच्या पडद्याने जीभ जखडली आहे असा, तयार फैसला ऐकवितो, आणि माझ्याकडे मागतो ती केवळ अंमलबजावणी. पहिल्या वाटेने आलेल्या मुलाची जीभ तपासावयाची राहून जाईल ही भीती, तर दुसऱ्या वाटेने आलेल्याचे जिभेखेरीज बाकी सारेच. या दोहोंवर मला तरी एकच उपाय ठाऊक आहे: कात्रीला हात लावण्यापूर्वी आईला मूल अंगावर घ्यावयास लावून एक पाजणे आरंभापासून अखेरपर्यंत बसून पाहणे.

बाहेर रांग खोळंबलेली असते, कंपाउंडर दार लोटून आत डोकावून जातो, आणि डॉक्टर काही न करता नुसते बसले आहेत असा समज होतो. तो होऊ द्यावा. आईच्या पाठीला टेका देऊन झाला की मूल तोंड किती मोठे उघडते, केवळ स्तनाग्रच धरते की भोवतालचा काळा भागही तोंडात घेते, हनुवटी टेकते की अधांतरी राहते, हे पाहावे. मग कान द्यावा, कारण पान्हा फुटल्यावर चोखणे संथ होऊन घोटाचा जो मऊ आवाज यावयास हवा, त्याऐवजी पकड सुटल्याचा टच्-टच् असा आवाज पुनःपुन्हा येऊ लागला, ओठांच्या कडेने दूध ओघळू लागले, आणि थोड्याच वेळात दमून झोपलेले मूल भुकेने पुन्हा जागे झाले, तर जिभेविषयी संशय घेण्यास जागा आहे. मुलाने सोडल्याबरोबर स्तनाग्र पाहावे. नीट पिणाऱ्याच्या तोंडातून ते गोल बाहेर येते. ज्याची जीभ हिरडीपुढे सरकत नाही त्याच्या तोंडातून ते एका बाजूने चेपलेले, टोकावर पांढरी रेघ उमटलेले आणि पुष्कळदा चिरलेले निघते. ही चीर घेऊन बाया दातओठ आवळून पाजीत राहतात आणि विचारल्यावाचून सांगत नाहीत. सासू खोलीबाहेर गेल्यावर मान खाली घालून "माले दुखस" एवढेच दोन शब्द येतात, आणि साऱ्या जाबजबानीत याहून वजनदार पुरावा मला दुसरा वाटत नाही. मुलाचे खरे वजन मात्र आशा कार्यकर्तीच्या नोंदीत असते. जन्मानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येऊन तिने केलेली ती नोंद मी प्रथम मागून घेतो, कारण पहिल्या दिवसांत घटलेले वजन दोन आठवड्यांत भरून निघाले नाही, किंवा त्यापुढे दररोज 20 ते 30 ग्रॅमची भर पडत नसली, तर मूल उपाशी आहे, मग ते कितीही शांत निजो.

यानंतर तोंड. ज्या गावात छायाचित्रकार केकी मूस यांनी स्टेशनाजवळच्या बंगल्यात बसून टेबलावरच्या चार वस्तूंवर प्रकाश कोठून पडावा याचा ध्यास घेतला, त्या गावच्या डॉक्टराने खिडकीच्या उजेडात घाईने डोकावणे शोभत नाही. दिवा कपाळावर बांधावा, मुलाचे डोके आपल्याकडे घ्यावे आणि दोन बोटे जिभेखाली दोन बाजूंनी सारून ती वर उचलावी. ब्रिस्टलच्या संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेली मोजणी मला सोयीची वाटते: जिभेचे टोक पत्त्यांतल्या बदामासारखे दुभंगते काय, पडदा हिरडीच्या किती जवळ रुजला आहे, जीभ किती उंच उठते आणि किती पुढे येते, या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यावेत, आणि बेरीज 3 किंवा त्याहून खाली आली, तर जीभ फारच जखडलेली समजावी. मात्र पडदा प्रत्येकालाच असतो. तो सुटा दोरा नसून तोंडाच्या तळाच्या आवरणाचीच, जीभ उचलताच उभी राहणारी घडी आहे आणि जिभेच्या मज्जातंतूच्या शाखा तिला लगटून जातात, हे निक्की मिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2019 च्या विच्छेदनांनी दाखविले. तेव्हा घडी दिसली की छाटली, हा व्यवहार शरीररचनेलाही मंजूर नाही.

गुण कमी आले तरी पहिला इलाज शस्त्राचा नव्हे. आईने मागे रेलून मुलाला आपल्या अंगावर पालथे घ्यावे, छाती दाटली असेल तर थोडे दूध हाताने काढून मग पाजावे, आणि वजन घटले असेल तर काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे, बाटलीने नव्हे. एवढ्याने कित्येक 'टंग-टाय' मिटलेल्या मी पाहिल्या आहेत. टाळूच्या मागच्या भागातील फट आणि तोंडातील बुरशी यांचीही शहानिशा तेव्हाच करावी. आणि कालपर्यंत नीट पिणारे मूल आज एकाएकी पिईनासे झाले, तर जिभेखाली पाहत बसू नये. तो जंतुसंसर्ग असू शकतो, आणि मुलाला तडक रुग्णालयातच नेले पाहिजे.

इतके करूनही दुखणे आणि वजन जागच्या जागी राहिले, तर कापण्यास मी कचरत नाही. जन्मतः 1 मिलिग्रॅम के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिळाल्याचा दाखला आधी पाहतो, कारण तांड्यावर घरीच झालेल्या बाळंतपणात ते राहून गेलेले असते. घराण्यात रक्त न थांबण्याचा विकार आहे काय, हेही विचारतो. शस्त्रांच्या पेटीतील खोबणीच्या शलाकेची चपटी मूठ मधोमध का चिरलेली असते, असा प्रश्न आमच्या वेळी तोंडी परीक्षेत विचारीत. त्या चिरेत हा पडदा बसतो, जीभ वर उचलली जाते आणि खालच्या लाळनलिकांची तोंडे झाकली जातात. पडद्याचा पातळ, आरपार उजेड दिसणारा भाग तेवढा बोथट टोकाच्या कात्रीने कापावयाचा, रक्ताच्या थेंबांवर कापसाची घडी दाबावयाची, आणि मूल लगेच आईकडे. पुढे त्या जागी दिसणारा पांढरट-पिवळा डाग पू नव्हे, हे आजीला बजावून सांगावे लागते, नाही तर ती त्याला मध-हळद लावते.

या शस्त्रक्रियेविषयीच्या 2017 सालच्या कॉक्रेन आढाव्यात 5 चाचण्यांतील 302 बालकांचा हिशेब मांडला असता आईची वेदना निदान काही काळ कमी होते असे दिसले, मुलाचे पिणे सुधारते असे मात्र खात्रीने म्हणता आले नाही. आणि ज्यांची जीभ बांधलेली दिसते त्यांच्यापैकी निम्म्याहून कमी मुलांनाच अंगावर पिण्यात अडचण येते, असे अमेरिकेच्या बालरोग अकादमीने 2024 साली सांगितले. यावरून कोणी शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरवू पाहील, तर मी हरकत घेईन. आईची वेदना ही दुय्यम बाब नव्हे. पाजणे सुटते ते पुष्कळदा या वेदनेमुळेच. 'पुढे बोलणे अडू नये' म्हणून तान्हेपणी कापणे आणि कात्रीने भागणाऱ्या कामाला लेसरचा खर्च, हे दोन्ही मात्र मला नामंजूर आहेत.

सबुरीला या तालुक्यात एक अडचण आहे. दिवाळीनंतर तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि ओली बाळंतीणही त्यांत चढते. तिला "आठ दिवसांनी दाखवा" असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. तिला मी संध्याकाळपर्यंत दवाखान्यातच ठेवून घेतो आणि एकाहून अधिक पाजणी पाहतो. जीभ उघड जखडलेली आणि चीर उघड दिसणारी असेल, तर त्याच दिवशी कापतो. संशय असेल तर कापीत नाही, वजनाच्या नोंदींसह चिठ्ठी लिहून देतो, म्हणजे साखर कारखान्याच्या गावच्या डॉक्टराला तपास नव्याने सुरू करावा लागत नाही.

घरातील वडीलधाऱ्या बायांना एकच विनंती आहे. दवाखान्यात रडेल म्हणून निघण्यापूर्वी मुलाला पोटभर पाजून आणू नका. भुकेले आणा, वजनाचा कागद बरोबर घ्या, आणि सुनेला आमच्याशी दोन शब्द एकटीने बोलू द्या.