दाराशी आलेली विद्या

कुकटपल्लीहून बेगमपेठ काही फार दूर नाही. तेथील जुन्या विमानतळाजवळच्या एका इमारतीत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी आढळले, आणि डास व हिवताप यांच्या नात्याचा पुरावा हाती आला. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. आम्हां हैदराबादकरांना या घटनेचा अभिमान आहे, आणि तो असावाही. परंतु सारे आयुष्य शिक्षकी पेशात घालविलेल्या माझ्यासारख्याच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेले सत्य खेड्यातील घरापर्यंत न्यायचे कोणी, आणि कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातील जामखेडने दिले. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य त्या दुष्काळी तालुक्यात कामाला गेले. दवाखान्यात बरे झालेले मूल घरी जाऊन पुन्हा तेच गढूळ पाणी पिणार असेल, तर ते त्याच दुखण्याने परत येणार, हे उघड होते. बाहेरून आणलेल्या परिचारिका खेड्यात रुळेनात, तेव्हा गावातल्याच स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांपैकी कित्येकींना अक्षरओळख नव्हती. कित्येकी दलित समाजातील होत्या. दर आठवड्याला जामखेडला यायचे, थोडे शिकायचे, गावी जाऊन ते करून पाहायचे आणि पुढच्या खेपेस अनुभव सांगायचा, अशी ही पाठशाळा. जुलाब लागलेल्या मुलाला लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून पाजीत राहावे, एवढे साधे ज्ञानही जीव वाचविते. मात्र ते सांगणारी बाई आपल्यातलीच असली म्हणजे शेजारीण ऐकते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उत्तर गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. न्यूमोनिया ओळखण्याची एक खूण म्हणजे बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास, आणि दोन महिन्यांच्या आतील बाळाचा साठ वेळा किंवा त्याहून अधिक चालणे. पण ज्या सुईणीला पन्नासपर्यंत मोजताच येत नाही, तिने काय करावे? तिच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा. शिष्येला येत नाही म्हणून तिला वर्गाबाहेर न काढता येथे गुरूंनी आपली शिकविण्याची रीत बदलली. आम्हां शिक्षकांनी हा धडा जपून ठेवावा. पुढे गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि जंतुदोषावर उपचार केले. त्या गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

२००५ साली ‘आशा’ कार्यकर्त्यांची योजना सुरू झाली आणि पुढे ती शहरांतही आली. आमच्या शाळेतील आठवीच्या एका मुलीची आई अशीच आशा आहे. पावसाळ्यात ती येथील वस्त्यांतून आणि सदनिकांतून फिरते. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पिंप, कूलर, कुंडीखालची थाळी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी, एवढेच तिचे सांगणे. ती मुलगी मला म्हणाली, “सर, झोपडपट्टीत आईला बसायला सांगतात, पाणी देतात. मोठ्या इमारतीत जाळीच्या दारातूनच ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणतात.”

त्या मोठ्या इमारतींत आपली मराठी घरेही आहेत. आपण सुशिक्षित खरे. पण गच्चीवरल्या टाकीचे झाकण नीट बसते का, हे आपल्यापैकी किती जणांनी या महिन्यात पाहिले? वाचकहो, पुढच्या खेपेस ती दाराशी आली की दार उघडा, तिला टाकी दाखवा, आणि ती काय सांगते ते मुलांनाही शेजारी उभे करून ऐकवा.