विंचवाचं बिऱ्हाड

म्हणींचा तास आला, की दरवर्षी मी एका म्हणीपाशी येतो. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.’ फळ्यावर लिहायचं, ‘ज्याला स्थिर घरदार नाही असा माणूस’ असा अर्थ सांगायचा आणि पुढच्या म्हणीकडे वळायचं, हा माझा वीस वर्षांचा रिवाज. पण गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, विंचवीण पाठीवर घर नाही घेत, पिलं घेते. आणि तीही पहिली कात टाकेपर्यंतच. मग पिलं आपली उतरून जातात.” वर्ग हसला. मीही हसलो. प्राणिशास्त्रानं भाषेत लुडबूड करू नये, असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली.

घरी येताना मात्र हसू ओसरलं. पाठीवरचं बिऱ्हाड खाली ठेवायचा धडा आमच्या घरानं चांगली ठेच खाऊन घेतला होता. आणि त्या ठेचेचं मूळ, खरं सांगायचं तर, माझ्या वाचनात होतं.

जॉन स्टाइनबेक हा अमेरिकन कादंबरीकार 1960 साली एका ट्रकच्या पाठीवर छोटीशी खोली बसवून, बरोबर चार्ली नावाचा कुत्रा घेऊन, आपला देश पाहायला निघाला. ट्रकचं नाव त्यानं ठेवलं होतं ‘रोसिनान्ते’. डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव! ही हकिकत मी एका दिवाळीत फराळाच्या ताटावर मोठ्या रंगात येऊन दादाला सांगितली. दादा माझा थोरला भाऊ. मानवतच्या शिवारात कापूस पिकवतो. पुस्तकाच्या वाटेला सहसा जात नाही. पण जे ऐकतो ते करून पाहतो, हा त्याचा दोष. मी नुसतं सांगतो, हा माझा!

पुढच्या आषाढापर्यंत दादाच्या पिकअपच्या हौद्यात लोखंडी अँगल, प्लायवूड आणि पत्रा यांची खोली उभी राहिली. आत दोन फळ्यांचे पलंग, शेगडीला कोनाडा, वर पाण्याची टाकी. पुतण्यांनी मागच्या पत्र्यावर निळ्या रंगात नाव घातलं, ‘गरुड’. पांडुरंगाकडे जायचं तर वाहन त्याचंच हवं, नाही का?

आमच्या वस्तीची दिंडी लहान, पंधरा-सोळा माणसांची. पाथरी, माजलगाव, तेलगाव, धारूर, केज, कळंब, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी अशी मजल-दरमजल करीत पंढरपूर गाठायचं. माय सत्तरी ओलांडलेली, दम्याची. सकाळच्या थंड वेळी ती चालायची, उन्हं तापली की गाडीत बसायची. ‘गरुड’ तिच्यासाठीच तर झाला होता. पण गंमत अशी, की त्या खोलीत चढायला चार पायऱ्यांची लोखंडी शिडी लागे, आणि शिडी चढून गेलेली माय वर पलंगावर बसून आधी पाच मिनिटं धापा टाकी. “गरुडावर बसायला देवच पाहिजे रे बाबा, माणसाचं काम न्हाई,” असं ती एकदा म्हणाली. आम्ही ते विनोदात काढलं.

2019 सालची गोष्ट. मुक्काम धारूरच्या घाटाखाली. संध्याकाळपासून पाऊस लागलेला. गाडीच्या एका कुशीला ताडपत्री बांधून तिच्याखाली दिंडी विसावली होती. रात्री एकच्या सुमाराला वहिनीनं मला हलवून जागं केलं. मायला श्वास मिळत नव्हता. फवारा मारून झाला होता, छाती शेकून झाली होती. मोबाइलला रेंज नाही. दवाखाना घाट चढून वर. आणि हाताशी गाडी असून गाडी नव्हती! कारण ती घर झाली होती. ताडपत्रीच्या दोऱ्या भिजून आवळलेल्या, त्या सुटेनात. टेकू लावलेले, ते चिखलात रुतलेले. शेगडी, सिलिंडर, पिठाचा डबा, झोपलेली दोन पोरं, सगळं उतरवायचं. दादा विळ्यानं दोऱ्या कापत होता, मी अंधारात भांडी वेचत होतो, आणि वरून मायच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती. अर्धा तास गेला. आयुष्यात मी पुष्कळ वेळ वाया घालवला आहे. पण तो अर्धा तास मला अजून मिनिटामिनिटानं आठवतो. मग तो वळणावळणांचा घाट, उंच खोली वाऱ्यानं झुलते आहे, दादा जोरात हाकायला धजत नाही...

माय वाचली. डॉक्टर एवढंच म्हणाले, “जरा आधी आणायला हवं होतं.”

घरी परतल्यावर आम्ही दोघा भावांनी ठरवलं, की मायची वारी आता बंद. तिला सांगायचं काम शिकलेला म्हणून माझ्याकडे आलं. मी दहा मिनिटं बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चूक माझ्या दम्याची का तुमच्या गाडीची?”

मी गप्प.

“तुझे बाप बैलगाडीनं जायचे पंढरीला. मुक्कामाला बैल सोडायचे. बैल चरायला जायचे, पाण्यावर जायचे. बैल सोडल्यावर गाडी चरायला जाती का? गाडी जागीच राहायची, अन् आम्ही गाडीत. तुम्ही बैलाच्या पाठीवरच घर बांधलं की रे!”

एम.ए. झालेल्या माणसाला असं उत्तर मिळालं, की तो पुस्तकाच्या कपाटाकडे धावतो. मीही धावलो. आणि आढळलं ते असं, की निवृत्त नौदल-डॉक्टर आणि मुलांसाठी कथा लिहिणारा गॉर्डन स्टेबल्स यानं 1885 साली निव्वळ हौसेनं फिरण्यासाठी ‘वाँडरर’ नावाचं चाकांवरचं घर बांधून घेतलं. ते ओढायला दोन घोडे. संध्याकाळी घोडे सुटत, घर उभं राही. म्हणजे स्टाइनबेकच्या पाऊणशे वर्षं आधी इंग्रजांनी तेच केलं होतं, जे माझे वडील करीत. मी मात्र नेमकं उलटं उदाहरण उचलून घरात आणलं होतं!

2020 आणि 2021 या दोन वर्षी कोरोनामुळे पायी वारी झालीच नाही. त्या रिकामपणात दादानं ‘गरुडा’ची खोली उतरवली आणि वेल्डिंगवाल्या उस्तादांना नव्या गाडीचं काम सांगितलं. अगदी साधी दोनचाकी ट्रॉली. लोखंडी चॅनेलची दहा फुटी चौकट, एक एक्सल, दोन्हीकडे पाटे, पुढं ओढायची दांडी आणि हुक. भुई इतकी खाली, की मायला एकाच पायरीत आत जाता यावं. वर पत्र्याचं ओझं नको, पाइपच्या कमानी आणि ताडपत्री; जुन्या छकड्याला असायची तशी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मागं ओढली जाणारी ट्रॉली हेही स्वतंत्र वाहनच. तिची नोंदणी निराळी, नंबर निराळा. ते सगळं रीतसर झालं. मागचे दिवे लागले. हुक निसटलाच तर म्हणून जोडीला साखळीही आली.

पहिली फेरी मानवत रोड स्टेशनापर्यंत. गाडी जरा वेगात आली मात्र, ट्रॉली मागं शेपटी हलवू लागली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दादानं हळूहळू वेग उतरवला. घरी येऊन हुक सोडला, तर दांडी हातातून सुटून आभाळाकडे गेली आणि ट्रॉली ढुंगणावर बसली! पुतणे टाळ्या पिटू लागले. उस्ताद डोकं खाजवू लागले. मायनं ओसरीवरूनच ओरडून निदान केलं, “उलार झाली की!”

उलार! हा शब्द मी वर्षानुवर्षं शब्दकोशात वाचला होता. दाराशी पाहिला तो त्या दिवशी. ओझं आखाच्या मागं गेलं, की गाडी उलार होते. जू बैलाच्या मानेवरून उठू पाहतं, जोत्यानं बैलाचा गळा आवळतो. ओझं फार पुढं आलं, तर मान मोडते. “जू मानेवर बसलं पाहिजे, रुतलं न्हाई पाहिजे,” हा वडिलांचा नियम मायनं सांगितला. गाडी भरताना ते म्हणे जू एका हातानं उचलून अंदाज घेत आणि मगच बैल जुंपत. आता या विद्येची पुस्तकं सांगतात, की एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा. आम्ही धान्याचा काटा आणून हुकाखाली ठेवला. सामानासकट ट्रॉली भरली दहा क्विंटल. पाण्याची टाकी आणि धान्याची पेटी मागून आखाच्या पुढं आणली, तेव्हा हुकावर सव्वा क्विंटल आले. पुन्हा स्टेशनापर्यंत गेलो. ट्रॉली गोगलगाईसारखी शहाणी झाली होती. उस्ताद मायला म्हणाले, “अम्मा, आमच्या धंद्यात या तुम्ही.”

मागं घ्यायला मात्र मला अजून जमत नाही. चाक उजवीकडे फिरवावं, तर ट्रॉली डावीकडे जाते. तरुण मुलांना वळण लावण्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढी काय ट्रॉलीची कवतिकं! खरं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या रस्त्यांवरून ऊसतोडणीला निघालेले ट्रॅक्टर जातात. एकामागं एक दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, सरपण, कोंबड्या, म्हातारी माणसं, आईच्या मांडीवर पेंगणारी लेकरं. कारखान्याच्या वाटेनं पोचलं, की ट्रॉलीला ऊस वाहायला जावं लागतं, आणि माणसं जमिनीवर कोप्या घालून सहा-सहा महिने काढतात. त्यांचं घरही ट्रॉलीतून खाली उतरतं, पण ते सुखानं नव्हे. आमची हौस आणि त्यांचं पोट एकाच लोखंडी हुकाला अडकलेलं आहे, याची आठवण मी स्वतःला देत असतो. ट्रॅक्टर दिसला, की मायही हात जोडते. ती म्हणते, “त्येंची बी वारीच हाय.”

2022 च्या आषाढात आमची वारी पुन्हा निघाली. धारूरच्या घाटाखाली मुक्काम आला, तेव्हा दादाचा आणि माझा, दोघांचाही आवाज बसल्यासारखा झाला होता. ट्रॉली उभी केली. चाकांना दगड लावले, दांडीखाली विटा रचल्या, पिन ओढली, साखळी काढली, दिव्यांची वायर सोडली. घड्याळ लावून पाहिलं, चार मिनिटं. मायनं खाली वाकून त्या विटांकडे पाहिलं आणि म्हणाली, “ही बी इटंवरच उभी राह्यली की!” त्या दिवसापासून ट्रॉलीचं नाव ‘विठाई’.

त्या रात्री शेजारच्या दिंडीतलं एक पोर तापानं फणफणलं. त्याचा बाप अंधारातून ‘कुणाची गाडी हाय का?’ विचारत आला. दादा उठला, पिन ओढलेलीच होती, आणि पोराला घेऊन घाट चढून गेलासुद्धा. गाडी गेली, पण आमचा कंदील जागच्या जागी होता, शेगडीवर चहा होता. आणि त्या पोराची आई मायच्या पांघरुणात बसून होती. पहाटे गाडी परतली. पोर बापाच्या खांद्यावर झोपलं होतं. 2019 ची रात्र मनातून गेली असं म्हणणार नाही. पण ती जरा सरकून बसली.

यंदा माय वारीला आली नाही. आम्ही अडवलं नव्हतं. तीच म्हणाली, “मन जाऊन येतं आता. पाय घरीच बरे.” ‘विठाई’ अंगणात चार विटांवर उभी असते. दुपारी माय तिच्या दारात, एका पायरीवर बसून वाती वळते. नातवंडं येतात, मांडीवर लोळतात आणि खेळायला पळून जातात. ती त्यांना धरून ठेवीत नाही.

परवा दिवाळीच्या पहिल्या पणत्या लावताना तिनं एक पणती ट्रॉलीच्या हुकापाशी ठेवली. मी म्हटलं, “माय, तिथं वारा लागतो, विझेल.”

“इझली तर पुन्हा लावू,” ती म्हणाली, “तू जरा सरकून उभा राहा.”

मी सरकून उभा राहिलो.