शेजार बघून तंबू

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. लग्न एकदा करून झालं. घरं मात्र मी आजवर पन्नासेक तरी बांधली असतील, सगळी कॉम्प्युटरवर. (हसू नका, त्यातही घाम निघतो.)

सुरुवात झाली 'द सिम्स'पासून. हा गेम 2000 च्या फेब्रुवारीत आला. माझ्या हाती लागला तो दोन-तीन वर्षांनी. तेव्हा आम्ही ठाण्यात भाड्याने राहत होतो आणि दर रविवारी सॅम्पल फ्लॅट बघत हिंडत होतो. दिवसा खरी घरं बघायची, जी परवडत नव्हती, आणि रात्री खोटी बांधायची. गंमत म्हणजे खोटी सुद्धा परवडायची नाहीत! गेममध्ये नव्या कुटुंबाला 20,000 सिमोलियन मिळतात. त्यात एकतर तयार घर घ्यायचं, नाहीतर मोकळा प्लॉट घेऊन भिंती उभ्या करायच्या. नवखा माणूस ऐसपैस हॉल काढतो, मोठ्या खिडक्या लावतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की पलंगाला पैसेच उरले नाहीत. कंपनीतून दमून आलेला तो बापडा उभ्या उभ्या पेंगायला लागतो.

कुणाला सुरुवात करायची असेल तर माझा साधा क्रम सांगते. आधी संडास-बाथरूम, पलंग, फ्रिज आणि फोन. शेगडी घेतलीत तर धुराचा अलार्म लगेच लावा, कारण स्वयंपाक न येणारा सिम हमखास आग लावतो. मग पेपरातून नोकरी. सोफा, झुंबर, तळं हे सगळं पगार झाल्यावर. म्हणजे आपल्या आईवडिलांनी संसार थाटला तसंच की!

त्या आगीवरून आठवलं. हा गेम करणारा विल राइट कॅलिफोर्नियातला. 1991 साली ओकलंडच्या डोंगरांत वणवा पेटला त्यात त्याचं घर जळालं. पुन्हा शून्यातून संसार उभा करताना कुठली वस्तू आधी घ्यायची, कशाची खरंच गरज आहे, हे विचार त्याच्या डोक्यात घोळू लागले आणि त्यातून हा गेम पुढे आला. सुरुवातीला ते नुसतं घर बांधायचंच साधन असणार होतं. सिम्स ही माणसं त्यात आली ती घराला मार्क द्यायला. मग त्यांच्याकडेच बघत बसावंसं वाटू लागलं, आणि घर मागे पडून माणसं पुढे आली. मला हे फार पटतं.

आता अलीकडची गोष्ट. चिरंजीवांच्या मामाने परदेशातून येताना निन्टेंडो स्विच आणला, आणि त्यासोबत 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'. मार्च 2020 मध्ये जगभर दारं बंद होत असताना हा गेम आला आणि आजवर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्यात. यात तुम्ही एका निर्जन बेटावर राहायला जाता. टॉम नुक नावाचा एक प्राणी (जपानी तानुकी, आपल्याकडे नसतो) तुमची सोय लावतो आणि मग 49,800 बेल्सचं बिल हातात ठेवतो. पैसे नाहीत? मग बेटावर मासे पकडा, तण उपटा, 5,000 माइल्स जमवा आणि फेडा. ते फिटलं की 98,000 चं गृहकर्ज. पण व्याज नाही, हप्त्याची तारीख नाही, दारात वसुलीवाला नाही. असा सावकार कुठे असेल तर कृपया पत्ता कळवा :)

या मालिकेची कल्पना कात्सुया एगुची या जपानी माणसाची. नोकरीसाठी तो चिबा सोडून क्योटोला आला, घरचे आणि मित्र मागे राहिले. आपल्या माणसांत नुसतं असणं किती मोलाचं होतं हे त्याला तिथे कळलं, आणि ते परत कसं मिळेल या विचारातून हा खेळ जन्मला. पहिला भाग 2001 मध्ये जपानात आला.

तर मे महिन्यात आई आमच्याकडे राहायला आली होती. तिची डोंबिवलीची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे आणि सध्या ती त्याच गल्लीत भाड्याच्या जागेत राहते. चिरंजीवांनी तिला नवं बेट काढून दिलं. "आजी, सगळं तू ठरवायचंस," असं बजावलं.

पहिला प्रश्न, बेट उत्तर गोलार्धात की दक्षिण? ऋतू त्याप्रमाणे येतात. आईने विचारलं, "पावसाळा कशात आहे?" मग चार नकाशे येतात, त्यातला एक निवडायचा. इथे एक सांगून ठेवते. नद्या आणि टेकड्या पुढे बदलता येतात, पण विमानतळ, मधला चौक आणि नदी समुद्राला मिळते ती तोंडं बदलता येत नाहीत. तेव्हा तेवढंच बघून निवडावं. फ्लॅट घेतानाही फरशा बदलता येतात, रस्ता बदलता येत नाही. निर्जन बेटावर काय न्याल, असाही प्रश्न असतो. झोपायची पिशवी, दिवा, खाणं की वेळ घालवायला काहीतरी? आई म्हणाली, "दिवा."

मग तंबूची जागा. चिरंजीवांचं म्हणणं समुद्राकाठी, टोकाला, म्हणजे मस्त व्ह्यू. सोबत दोन शेजारी येतात, त्यांचे तंबू कुठे लावायचे तेही आपणच सांगायचं. आईने आधी त्या दोघांचे लावले आणि मग आपला तंबू बरोबर मध्ये. "आजी, अगं इथून समुद्र दिसत नाही!"

"समुद्र बघायला चालत जाईन. रात्री दुखलं-खुपलं तर हाक ऐकू जायला हवी."

मी गप्प ऐकत होते. बाबा बँकेत होते. लग्नानंतर सांगली, लातूर, जळगाव, अकोला, परत सांगली आणि शेवटी डोंबिवली. प्रत्येक ठिकाणी घर आधी ठरायचं आणि मग ट्रकमागून आई पोचायची. ती कधी कुरकुरली नाही. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांत राहायची जागा तिने स्वतः बोट ठेवून निवडली ती ही पहिलीच, आणि तीही एका जपानी बेटावर.

यात योगायोग असा की नव्या इमारतीत तिला दोन पर्याय आहेत. अकराव्या मजल्यावर, दुसऱ्या विंगमध्ये, हवेशीर आणि खाडीकडे तोंड असलेला. किंवा तिसऱ्या मजल्यावर, समोर भिंत, पण त्याच मजल्यावर जुन्या दोन शेजारणी. दादाने आणि मी गेले दोन महिने तिला विचारून विचारून पाहिलं, उत्तर ठरलेलं, "तुम्ही म्हणाल ते." दादाचा कल अकराव्याकडे होता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

त्या संध्याकाळी मी बिल्डरचा नकाशा तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला. बराच वेळ दोन्ही पानं बघितली, शेजारणींची दारं कुठे येतात ते मला विचारलं, आणि तिसऱ्या मजल्यावर पेन्सिलीने छोटीशी फुली मारली.

दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अगं पण ऊन?"

मी फोन आईकडे दिला.