जोडले जाते, पण कोणाकडून?

नवीन कर्मणी प्रयोग शिकवताना ‘शिपायाकडून चोर पकडला गेला’ अशा धर्तीचे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. त्यातले ‘शिपायाकडून’ पुसून टाकले तरी वाक्य उभे राहते, हेही आम्ही सांगतो. चोर पकडला गेला; कोणी पकडला हे सांगण्याची सक्ती नाही. व्याकरणाने दिलेल्या या सवलतीची किंमत काय असते, याचा विचार मात्र एका संगणकाच्या पडद्याने आम्हांला करायला लावला.

आमचा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या व्यवसायात आहे. यवतमाळ, वणी आणि पुसद येथे शाखा असलेल्या एका शिक्षणसंस्थेसाठी तो पडद्याची रचना करीत होता आणि त्यावरील मजकूर मराठीत हवा होता. म्हणून तो आमच्याकडे आला. विषय आमच्या अभ्यासाचा नव्हे. तेव्हा आम्हांला जसा समजला तसा येथे मांडतो.

प्रत्येक शाखेत एक मोठा संगणक असतो आणि त्याच्या पोटात अनेक आभासी संगणक चालतात. या मोठ्या यंत्राला ‘होस्ट’ म्हणतात. (‘यजमान’ हा प्रतिशब्द आम्ही सुचवला, पण मराठी घरात यजमान म्हणजे कोण हे ठाऊक असल्याने दोघांनीही तो हसून सोडून दिला.) होस्टच्या पाठीमागे केबल खोचण्याच्या ज्या जागा, ते इंटरफेस. एकाच केबलमधून परीक्षा, ग्रंथालय, कार्यालय अशी अनेक नेटवर्के एकमेकांत न मिसळता जाऊ शकतात. १९९८च्या ८०२.१क्यू या मानकानुसार प्रत्येकाला १ ते ४०९४ यांपैकी एक क्रमांक देता येतो. कोणते नेटवर्क कोणत्या इंटरफेसवर, हे ठरवणे हा त्या पडद्याचा विषय.

हे ठरवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत नेटवर्काचे चित्र माउसने उचलून इंटरफेसवर नेऊन ठेवायचे. दहा यंत्रे असतील तर दहा वेळा. दुसरी रीत लेबलची. ‘ओव्हर्ट’ या मुक्तस्रोत प्रणालीने २०१४ साली ३.४ या आवृत्तीत ती आणली. नेटवर्काला एक लेबल द्यायचे, तेच लेबल प्रत्येक होस्टच्या एका इंटरफेसला द्यायचे. मग त्या लेबलची सारी नेटवर्के त्या त्या इंटरफेसवर आपोआप जोडली जातात. नव्या नेटवर्काला तेच लेबल लावले की तेही सर्वत्र पोहोचते. लेबल काढले की सगळीकडून सुटते.

या कल्पनेत परके असे काही नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक खात्याचे अधिकारी आणि संस्कृतात काव्यनाटके लिहिणारे लेखक. पाकिटावर ४४५ हे पहिले तीन अंक दिसले की ते यवतमाळच्या कप्प्यात जाते. वर्गीकरण करणाऱ्याने यवतमाळ पाहिलेले नसले तरी चालते. पाकिटावरची खूण कप्प्यावरच्या खुणेशी जुळली की पुरे. परंतु पाकिटावर पिनकोडाच्या वर गावाचे नाव असते, माणसाचे नाव असते. अंक चुकला तरी पत्ता वाचणारा एखादा पोस्टमन ते पाकीट बाजूला काढतो. लेबलच्या पडद्यात असा पोस्टमन नाही. यंत्र फक्त खूण जुळवते.

पहिल्या रीतीचे वाक्य ‘मी हे नेटवर्क येथे जोडतो’ असे आहे. कर्ता माउस हातात धरून बसलेला आहे आणि आपण काय केले ते त्याला दिसते. दुसऱ्या रीतीचे वाक्य ‘नेटवर्क जोडले जाते’ असे होते. कोणी तरी, कधी तरी, दुसऱ्याच पानावर एक शब्द बदलतो आणि परिणाम तीन गावांत उमटतो. ‘कडून’ गळून पडते.

याचे जे झाले ते आमच्या विद्यार्थ्यानेच सांगितले. संस्थेत आधी जी व्यवस्था होती, तीही लेबलचीच. मध्यवर्ती कार्यालयात कोणी तरी आवराआवर करताना ग्रंथालयाच्या नेटवर्कावरचे लेबल काढले. पुसदला ग्रंथालय बंद पडल्याचे सर्वांआधी लक्षात आले. त्याच सकाळी तेथील साहाय्यकाने धूळ पुसण्यासाठी यंत्राला हात लावला होता. त्याला पत्र आले, ‘नेटवर्क काढले गेल्याचे निदर्शनास आले आहे, तरी खुलासा करावा.’ पत्राचे वाक्य आणि पडद्याचे वाक्य एकाच प्रयोगातले होते. कर्त्याची जागा रिकामी राहिली, आणि अशी जागा फार वेळ रिकामी राहत नाही. जो सर्वांत जवळ आणि सर्वांत खालच्या पायरीवर उभा असतो, त्याला तेथे बसवले जाते.

म्हणून शब्द सुचवण्याचे काम बाजूला ठेवून आम्ही तीन आग्रह धरले. पहिला, ‘जतन करा’ म्हणण्याआधी पडद्याने पूर्ण वाक्य बोलावे. ‘हे लेबल काढल्यास यवतमाळ, वणी व पुसद येथील ३ होस्टवरून ग्रंथालयाचे नेटवर्क सुटेल’, असे. दुसरा, लेबलमुळे आलेले नेटवर्क हाताने जोडलेल्या नेटवर्कापेक्षा वेगळे दिसावे. ते ओढून काढू पाहणाऱ्याला नुसता नकार न देता ‘हे अमुक लेबलमुळे येथे आहे, ते लेबल तेथे बदला’ असे सांगावे. तिसरा, प्रत्येक बदलाची नोंद ‘कोणाकडून, केव्हा, कोठून’ यांसह राहावी आणि ती पुसदलाही वाचता यावी.

पहिल्या मागणीवर विद्यार्थ्याचा आक्षेप रास्त होता. शंभर होस्ट असतील तर वाक्य पानभर लांबेल आणि माणूस न वाचता ‘होय’ दाबेल. तेव्हा आधी संख्या, मग ज्या यंत्रांवर त्या क्षणी काम चालू आहे त्यांचीच नावे, बाकीची मागितल्यास, असे ठरले. लांब वाक्य म्हणजे स्पष्ट वाक्य नव्हे, हे खरे तर आम्ही त्याला वर्गात शिकवले होते.

तिसऱ्या मागणीवर मात्र आमचे एकमत झाले नाही. नाव नोंदले की ते नाव शिक्षेसाठी वापरले जाईल, लोक बदल करायलाच घाबरतील, असे त्याचे म्हणणे. भीती खोटी नाही. पण नोंद नसलेल्या पडद्यामागे नाव नसतेच असे नाही. ते केवळ भलत्याचे असते. पुसदच्या साहाय्यकाने खुलाशात लिहिले होते, ‘माझ्याकडून काहीही काढले गेलेले नाही.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ते खरे आहे हे दाखवायला त्याच्यापाशी काही नव्हते.