उंबरठ्यापलीकडचे नागपूर

इतवारीची बाजारपेठ पहाटे निवांत असते. दुकानांच्या पायऱ्यांच्या आडोशाला एखादी कुत्री पिल्लांना कुशीत घेऊन निजलेली दिसते. सकाळी दुकाने उघडली की त्याच पायऱ्यांवर गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू होते. अशा गर्दीत आईला पारखे झालेले एखादे पिल्लू कुणा दयाळू कुटुंबाच्या घरी येते.

घरातील फरशी, पायपुसणे आणि खाण्याची वाटी त्याच्या लवकर परिचयाची होते. उंबरठा मात्र त्याला डोंगराएवढा वाटतो. अंगणात ठेवले तर ते नाक उंचावून वारा हुंगते, ओल्या गवतावर एक पाय टेकवते आणि लगेच मागे घेते. दारावरून स्कूटर गेली की धावत येऊन घरच्यांच्या पायांत शिरते. दोन-चार दिवसांनी तेच पिल्लू संत्र्याच्या सालीशी झुंजू लागते.

या वयात घाई आणि दिरंगाई दोन्ही महाग पडतात. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारते. या काळात कोंडून ठेवल्यास भित्रेपणा जन्मभर राहू शकतो. परंतु पार्व्हो आणि डिस्टेंपर हे प्राणघातक रोगही याच वयात गाठतात. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते व तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढील मात्रा द्याव्या लागतात. ते पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता, माणसे व वाहने दाखवावीत. जिथे मोकाट कुत्री फिरतात, त्या जमिनीवर सोडू नये. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास अवश्य टोचून घ्यावी. सेमिनरी हिल्सच्या परिसरात १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे नागपूरकरांचे भाग्यच.

पुढे फुटाळा किंवा अंबाझरीच्या बाजूला फेरी सुरू झाली की वैदर्भीय उन्हाळ्याचे भान ठेवावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवते. डांबरावर आपला तळहात काही क्षण टेकवता येत नसेल, तर त्याचे कोवळे तळवेही भाजणारच. सूर्योदयाची वेळ उत्तम.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालू इच्छिणाऱ्यांनी त्यांना दत्तक घ्यावे, अशी भूमिका घेतली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली. कायद्याचा वाद आपल्या जागी राहो. स्वेच्छेने पत्करलेली जबाबदारी मात्र दहा-बारा वर्षांची असते. तिच्यात लसीकरण, निर्बीजीकरण आणि शेजाऱ्यांची सोय यांचाही जमाखर्च मांडावा लागतो. व्यापारी घराला दीर्घ मुदतीचा व्यवहार नवा नाही. भुकेल्या जिवाला पोळी घालून दयेचा आरंभ होतो. त्याला निर्भयपणे जगता येईल, हे पाहण्यात तिची पूर्तता आहे.