रात्रपाळी

साठी उलटलेल्या माणसाने रात्री नऊनंतर काय करावे, याबद्दल आमच्या घरात कधीच दुमत नव्हते. दूध प्यावे, कवळी पाण्यात ठेवावी आणि झोपावे. पण अमरावतीच्या आमच्या मेहुण्याने गिअरची सायकल घेतली, चिखलदऱ्याचा घाट चढला आणि वर पोचल्याचा फोटो बहिणीला, म्हणजे आमच्या सौ.ला पाठवला. अमरावतीकराने अकोलेकराच्या पुढे जावे, आणि तेही सासरच्या माणसाने! दुसऱ्या दिवशी मी सायकलच्या दुकानात होतो.

वास्तविक सायकल मला नवी नव्हती. आमच्या लहानपणी तिला नगरपालिकेचा बिल्ला लागे आणि रात्री दिवा लागे. डायनामोचा तो दिवा मोठा तत्त्वनिष्ठ. तुम्ही जोरात गेलात तरच रस्ता दाखवणार. म्हणजे खड्डा दिसावा म्हणून वेग वाढवायचा आणि वेग वाढवला म्हणून खड्ड्यात पडायचे.

नव्या सायकलीला मडगार्ड नव्हते, कॅरिअर नव्हते, घंटीसुद्धा नव्हती. जे जे नव्हते त्याचे पैसे मात्र जास्त होते.

"काका, ही माउंटन बाईक आहे," दुकानातला पोरगा म्हणाला. कॅलिफोर्नियातल्या काही हौशी पोरांनी म्हणे जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली आणि १९७६ साली त्यांची शर्यतच लावली. उतरताना ब्रेक इतका तापे, की मागच्या चाकातले ग्रीस जळून जाई आणि दर वेळी नव्याने भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच 'रिपॅक'.

"पण अकोल्यात डोंगर कुठे आहे?"

"डोंगर नाही काका, पण रस्ते आहेत ना!"

यावर अकोल्यात राहणाऱ्या माणसाला काही बोलता येत नाही.

अशा रीतीने नोव्हेंबरातल्या एका शनिवारी रात्री दहा वाजता मी नेहरू पार्क चौकात उभा होतो. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर बाराशे रुपयांचा दिवा. माझ्या डोक्यातून एवढा प्रकाश पडलेला मी प्रथमच पाहत होतो. बरोबर सात पोरे. एकाने "एकदा मेळघाटात जाऊ" अशी टूम काढली. मेळघाट १९७४ सालापासून व्याघ्रप्रकल्प आहे. तिथे रात्री सायकल घेऊन शिरायची परवानगी कोणी देणार नाही आणि मागणाऱ्यांत मी नव्हतो. अखेर बार्शीटाकळीच्या अंगाची पांदण ठरली.

पांदण म्हणजे दोन्ही बाजूंना बाभळी आणि मधे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. पावसाळ्यात इथली काळी माती चाकाला अशी धरते, की सायकलीने माणसाला न्यायचे सोडून माणसाने सायकलीला न्यावे लागते. दिवाळीनंतर तीच माती दगडासारखी होते. पोरे चाकोरीतून उडी मारून बाहेर पडत होती. मी पस्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस. चाकोरी सोडणे मला जमेना. त्यात बाभळीचा काटा शिरला. पुढचा शेवटचा लाल दिवा वळणावर नाहीसा झाला. मी हाका मारल्या, पण हौसेने निघालेल्यांना मागून मारलेल्या हाका ऐकू येत नाहीत.

दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस अंधारात पांढरा दिसत होता. इतक्यात तुरीच्या ओळी हलल्या. रोही असावा. की रानडुक्कर? मी सायकलीआड लपलो. दिवा मात्र डोक्यावर जळतच होता.

"कोन हाय थो?"

समोर माझ्याच वयाचा एक माणूस दांडका घेऊन उभा.

"मी... मी बँकेतला!" पस्तीस वर्षांची सवय.

दांडका खाली आला. आवाजही खाली आला. "राजेहो, वसुलीले आले का एवढ्या रातीचे? भरतो न बाप्पा मार्चमंधी!"

मी घाईघाईने निवृत्त असल्याचे सांगितले.

"म्या म्हनलं केबलचोर हाय. मंग कायले आले?"

"हौसेनं. सायकल चालवायला."

"रातीचे? हौसेनं?" त्याने माझ्याकडे फार कणवेने पाहिले. "तुमच्या इकडं दिवसा लाईन नसते का?"

मग उलगडा झाला. त्याला हरभरा ओलायचा होता आणि त्या आठवड्यात मोटारीची थ्री फेज वीज रात्री बाराला येणार होती. अलीकडे सौर योजनेमुळे कुठे कुठे दिवसा वीज मिळू लागली आहे. त्याच्या शेतात अजून रात्रच होती. ओलिताला रात्र, जागलीला रात्र. साप असतो, डुक्कर असते, थंडी असते.

"भेव नाही वाटत?" मी विचारले.

"वाट्टे न. पन लाईन थांबते का आपल्यासाठी?"

बोलता बोलता त्याने माझे चाक खोलले. प्रकाश हवा म्हणून आपली बॅटरी दातांत धरली, पाइप बदलताना रोज धरतो तशी. डोक्यावर बाराशेचा दिवा असून मी तो नीट रोखत नव्हतो; मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. आमच्या वयात एवढाच फरक होता, की त्याच्या दातांना अजून काम होते.

चाक बसले तेवढ्यात दूर कुठेतरी मोटार घुमली. "आली," म्हणून तो उठला. पैसे घ्यायला तयार होईना. मग मी हेल्मेटवरचा दिवा काढला आणि त्याच्या रुमालावर बांधला. बॅटरी खिशात गेली, दोन्ही हात मोकळे झाले. त्याने एकदा मान डावीकडे फिरवली, एकदा उजवीकडे, आणि प्रकाश कापसावरून फिरत गेला तसा तो लहान मुलासारखा हसला.

पोरे मला शोधत परत आली. त्यांच्या उजेडात, मधोमध चालत्या सायकलीवरून, मी घरी पोचलो. सौ. जागीच होती.

"बाराशेचा दिवा कुठे टाकलात?"

"रात्रपाळीला गेलाय," मी म्हणालो आणि कवळी पाण्यात ठेवली.