बॅटन रूजचा किंगफिश

ह्यूस्टनहून पूर्वेला निघून लुइझियानात बरंच आत शिरलं की रस्ता जमीन सोडतो. अचाफलायाची दलदल सुरू होते आणि हायवे खांबांवर चढतो. पुढचे अठरा मैल, म्हणजे जवळजवळ एकोणतीस किलोमीटर, गाडीखाली काळपट पाणी आणि त्यात गुडघाभर उभी राहिलेली सायप्रसची झाडं. पूल संपतो, थोडी कोरडी जमीन येते आणि मग मिसिसिपीवरच्या उंच पुलावरून बॅटन रूज एकदम समोर येतं.

"मावशी, डावीकडे बघ," गाडी चालवणारा भाचा म्हणाला. "ती उंच इमारत दिसतेय ना, ती एका गव्हर्नरनं बांधून घेतली आणि तिच्यातच त्याला गोळी लागली."

"राज्यपालाच्या हातात एवढं असतं?"

"आपल्यासारखा नाही गं. इथला गव्हर्नर लोक निवडून देतात. आपला मुख्यमंत्री समज, फक्त जरा जास्तच जोरात."

त्या गव्हर्नरचं नाव ह्यूई लाँग. जोर किती, ते दिवसभरात कळत गेलं.

इमारत जवळून बघितली तर राज्याचं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन, न वाटता न्यूयॉर्कमधून उचलून आणलेली कचेरी वाटते. घुमट नाही. चुनखडीच्या दगडाचे चौतीस मजले, साडेचारशे फूट उंची. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं कॅपिटॉल एवढं उंच नाही. दाराशी जायला अठ्ठेचाळीस पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एका राज्याचं नाव, ज्या क्रमानं राज्यं संघात आली त्या क्रमानं. पहिली पायरी डेलावेअरची. अलास्का आणि हवाई नंतर आले, म्हणून त्यांना सर्वांत वरच्या पायरीवर जागा करून दिली आहे. मे महिन्यातल्या दमट उकाड्यात लुइझियानाच्या, म्हणजे अठराव्या, पायरीवर मी थांबले. भाच्याला वाटलं मी नाव वाचते आहे. मी दम खात होते.

ही इमारत अवघ्या चौदा महिन्यांत उभी राहिली आणि मे १९३२ मध्ये तिचं उद्घाटन झालं. मंदीनं अमेरिका कोलमडली होती, बँका बुडत होत्या, आणि देशातल्या गरीब राज्यांपैकी एक असलेल्या लुइझियानानं पन्नास लाख डॉलर खर्चून हे बांधलं. ह्यूईला घाई असायचीच. जुना गव्हर्नर निवास त्याला पसंत नव्हता, तर त्यानं तुरुंगातले कैदी लावून तो पाडला आणि व्हाइट हाउसच्या वळणाचा नवा बांधला. स्वतः व्हाइट हाउसमध्ये जाण्याचा त्याचा विचार पक्का होता. तिथं अंधारात चाचपडायला नको म्हणून आधीच सवय करून घेतोय, असा विनोद लोक करत.

तो मूळचा उत्तर लुइझियानातल्या विनफिल्डचा. जन्म १८९३ चा, नऊ भावंडांत सातवा. त्या भागात ना ऊस, ना कापसाचे मोठे मळे. लहान शेतकरी आणि कर्ज. विशीच्या आत तो फिरता विक्रेता झाला. सरकीचं तेल घालून केलेलं, डुकराच्या चरबीऐवजी वापरायचं 'कॉटोलीन' दारोदार विकायचा. ते खपावं म्हणून केक करण्याच्या स्पर्धा भरवायचा. त्यातल्याच एका स्पर्धेत रोझ मॅकॉनेल भेटली आणि पुढे त्याची बायको झाली. या विक्रेत्यानं स्वतःलाही आयुष्यभर तसंच विकलं: आधी ओटा गाठायचा, मग बोलायला लागायचं, आणि बाईनं दार लावायच्या आत डबा तिच्या हातात द्यायचा.

वकिलीची सनद त्यानं १९१५ मध्ये, तीन वर्षांचा अभ्यास एका वर्षात उरकून, मिळवली. पंचविसाव्या वर्षी तो रेल्वे आयोगावर निवडून आला. लहान तेलकंपन्यांत त्याचे थोडे शेअर होते. स्टँडर्ड ऑइलनं त्या कंपन्यांचं तेल आपल्या पाइपलाइनमधून न्यायला नकार दिला आणि ते शेअर कवडीमोल झाले. तेव्हापासून स्टँडर्ड ऑइलशी त्याचं हाडवैर जडलं. गरिबांची बाजू आणि स्वतःचा राग, त्याच्या राजकारणात दोन्ही एकत्र होतं. वेगळं काढता येणार नाही इतकं मिसळलेलं.

१९२४ मध्ये तो गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि तिसरा आला. मतदानाच्या दिवशी पाऊस झाला, खेड्यातले मतदार चिखलातून येऊ शकले नाहीत, हे कारण त्यानं सांगितलं. १९२८ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो निवडून आला आणि त्याच चिखलाला त्यानं हात घातला. तेव्हा राज्यभरात पक्के रस्ते फक्त तीनेकशे मैल होते. ह्यूईनं युक्ती केली. एकाच मोठ्या रस्त्यावर सगळे पैसे न घालता प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, थोडे थोडे मैल पक्के करून सोडले. गुळगुळीत रस्त्यावरून पुन्हा चिखलात उतरणारा माणूस उरलेला रस्ता मागणारच, हे विक्रेत्याला बरोबर ठाऊक होतं. काही वर्षांतच पक्क्या रस्त्यांचे मैल हजारांत मोजले जाऊ लागले.

शाळेच्या मुलांना पाठ्यपुस्तकं फुकट मिळू लागली. पैसा आला जमिनीतून निघणाऱ्या तेलावरच्या करातून. कॅथलिक शाळांतल्या मुलांनाही ती मिळाली, म्हणून खटला झाला आणि १९३० मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात ह्यूईच्या बाजूनं लागला. वाचता न येणाऱ्या प्रौढांसाठी रात्रशाळा निघाल्या. काळे लोकही त्यांत शिकले. काळ्यांना मत मात्र मिळालं नाही. १९३४ मध्ये मतदानासाठी भरावा लागणारा डोईकर त्यानं रद्द केला खरा, पण फायदा झाला तो मुख्यतः गरीब गोऱ्यांना. वर्णभेदाच्या इतर भिंतींना त्यानं हात लावला नाही.

लिफ्टनं सत्ताविसाव्या मजल्यावरच्या गच्चीत गेलो. खाली मिसिसिपी, तिच्यावर बार्जेसची लांबलचक माळ. उत्तरेला, अगदी जवळ, रिफायनरी: टाक्या, नळकांडी, धुराड्यांच्या टोकावर जळणाऱ्या ज्योती. आज ती एक्सॉनमोबिलची आहे. तेव्हा स्टँडर्ड ऑइलची होती.

"म्हणजे याच्या खिडकीतून शत्रू दिसायचा," भाचा म्हणाला.

१९२९ मध्ये ह्यूईनं शुद्ध केलेल्या तेलाच्या प्रत्येक पिंपावर पाच सेंट कर लावायचं ठरवलं आणि त्याच्यावरच महाभियोग आला. लाचखोरीचे, सत्तेच्या गैरवापराचे आरोप, सभागृहात हाणामारी, सगळं झालं. राज्याच्या सिनेटमध्ये एकोणचाळीस सभासद, दोषी ठरवायला सव्वीस मतं हवीत. ह्यूईनं पंधरा सभासदांकडून आधीच लिहून घेतलं की पुरावा काहीही असो, आम्ही दोषी ठरवणार नाही. खटला तिथंच संपला. त्या पंधरांना नंतर काही कमी पडलं नाही. ह्यूईही बदलला. सरकारी नोकरांच्या पगारातून ठराविक टक्के कापून पक्षाच्या पेटीत जाऊ लागले. त्या पेटीला लोक उघड उघड 'डिडक्ट बॉक्स' म्हणत. रेडिओवरच्या एका विनोदी मालिकेतल्या पात्रावरून त्यानं स्वतःला 'किंगफिश' म्हणवून घेतलं.

१९३२ मध्ये तो वॉशिंग्टनला सिनेटर म्हणून गेला, पण लुइझियानाची दोरी त्यानं सोडली नाही. त्याच्या जागी आलेले गव्हर्नर ओ. के. ॲलन इतके आज्ञाधारक की खिडकीतून वाऱ्यानं पान आलं, तर त्यावरही त्यांनी सही केली, असा किस्सा सांगतात. ह्यूई येऊन सभागृहात उभा राहायचा आणि वाचायलाही वेळ न देता विधेयकं मंजूर होत. श्रीमंतांची संपत्ती वाटून घ्या, ही त्याची मोहीम देशभर पसरली होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्याला घाबरून होते. आणि पाच सेंटांचा तो कर? १९३४ च्या अखेरीला तो मंजूर झाला, मग तडजोड होऊन पाचांतले चार सेंट कंपनीला परत देण्याचं ठरलं. ज्या भांडणासाठी महाभियोग ओढवून घेतला, त्याचा शेवट एका सेंटावर झाला.

खाली तळमजल्याच्या मागच्या कॉरिडॉरमध्ये संगमरवराला खळगे आहेत. भाच्यानं बोट घालून बघितलं. तिथल्या रखवालदारानं हसून विचारलं, "कोणती गोष्ट सांगू? डॉक्टरनं मारलं ती, की अंगरक्षकांनी?"

८ सप्टेंबर १९३५, रविवारची रात्र. ह्यूईचे जुने विरोधक न्यायाधीश पाव्ही यांच्या मतदारसंघाची तोडमोड करणारं विधेयक त्या अधिवेशनात होतं. पाव्हींचा जावई, अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर कार्ल वाइस, कॉरिडॉरमध्ये ह्यूईच्या समोर आला. गोळी झाडली गेली. अंगरक्षकांनी वाइसची अक्षरशः चाळण केली. वाइसनं फक्त ठोसा मारला आणि ह्यूईला अंगरक्षकांचीच गोळी लागली, असं मानणारे आजही आहेत. दुसऱ्या कथेत तथ्य किती ते शोधायला १९९१ मध्ये वाइसचं थडगंही उकरलं गेलं. शस्त्रक्रिया केली ती ह्यूईनंच मोठ्या सरकारी इस्पितळावर नेमलेल्या डॉक्टरनं. मूत्रपिंडातला रक्तस्राव लक्षात आला नाही. दोन दिवसांनी, बेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. न्यू ऑर्लीन्सजवळ मिसिसिपीवरचा त्याच्या नावाचा पूल तीन महिन्यांनी, डिसेंबरात, खुला झाला.

पुतळा समोरच्या बागेत आहे, पायाशी थडगं. भोवती जुने ओक आणि मॅग्नोलिया. हाताखाली कॅपिटॉलची छोटी संगमरवरी प्रतिकृती. शाळेची एक सहल आली होती. मुलं चौथऱ्यावर चढून फोटो काढत होती आणि बाई त्यांना खाली उतरवत होत्या.

मी मागून फिरून पुतळ्याच्या समोर गेले, तेव्हा लक्षात आलं. पुतळ्याचं तोंड इमारतीकडे आहे, पाठ गावाकडे. इमारतीच्या पलीकडे रिफायनरी, पण खालून ती दिसत नाही. चौतीस मजले मध्ये येतात.

परतताना पुन्हा तोच पूल, तीच दलदल. भाचा म्हणाला, "रस्ता छान आहे, नाही?" मी हो म्हटलं. हा रस्ता ह्यूईचा नव्हे, पन्नास वर्षांपूर्वीचा, हे मला माहीत होतं. तरी चाकं न अडखळता चालली होती आणि मी नकळत त्याचेच आभार मानत होते. मत असंच मागितलं जात असणार.